धूपप्रतिबंधक बंधारा मागायच्या आधी खाडीकडे बघा

सरपंचताई,

तुमच्या गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे जेमतेम अडीच हजारांची वस्ती. गेले दोन पावसाळे उधाणाचं पाणी कोळीवाड्यात शिरतंय. ग्रामसभेने एकमुखाने धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा ठराव केलाय. तालुक्यावरून निरोप आलाय की यंदाच्या विकास आराखड्यात समुद्राची पातळी वाढण्याचाही विचार दिसला पाहिजे. तुम्ही विचारलंय की लिहायचं काय, बंधारा मागणं बरोबर की चूक, आणि जाता जाता, मंजूर झालेली अकरा घरकुलं खाडीकडच्या मोकळ्या जागेत बसवू का. हा जाता जाता विचारलेला प्रश्न मला सगळ्यांत मोठा वाटतो, पण त्याच्याकडे शेवटी येतो.

मी सव्वीस वर्षं खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधांच्या, आणि किनाऱ्याच्या कामांवर काढली. आता ग्रामपंचायतींना आराखडे करायला मदत करतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. वाढणारा समुद्र गावात अंगणातून कमी आणि परसातून जास्त येतो. खाडीतून, बांधातल्या झडपेच्या दारातून म्हणजे उघाडीतून, रस्त्याखालच्या मोरीतून, विहिरीच्या तळातून. गावाचं लक्ष मात्र लाटांकडे, कारण लाटा दिसतात आणि ऐकू येतात.

रायगडमधल्या एका गावची गोष्ट सांगतो. समुद्राच्या बाजूला दगडी बंधारा झाला, नारळ फुटला, पेढे वाटले. त्याच वर्षी आषाढातल्या अमावस्येला सकाळी अकराच्या सुमारास सगळा गाव नव्या बंधाऱ्यावर उभा राहून लाटा बघत होता. तेवढ्यात मागून एक म्हातारी ओरडत आली की चुलीत पाणी आलं. खाडीकडच्या उघाडीची झडप कुणीतरी दगड अडकवून उघडी ठेवली होती, म्हणजे भरतीबरोबर बोय आणि कोळंबी आत येते. तीन फुटांची ती झडप, तिच्या बिजागरीला दोन वर्षं ग्रीसही लागलं नव्हतं. दगड काढून झडप बसवायला चार माणसं आणि एक पहार लागली. ते पाणी ओसरायला अडीच दिवस गेले, आणि खालच्या आळीतल्या दोन विहिरी त्या वर्षी परत गोड झाल्या नाहीत.

आता आकड्यांकडे. जगभरातली समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि २००६ नंतर वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पातळीशी तुलना केली, तर २०५० पर्यंत आणखी वीसेक सेंटिमीटर धरून चालायचं. शतकाच्या अखेरीस ती वाढ तीसेक सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत कुठेही असू शकते. ते जग किती धूर सोडतं यावर ठरेल, आपल्या ठरावावर नाही. ग्रामसभेत हा २० सेंटिमीटरचा आकडा सांगितला की लोक हसतात. बरोबर आहे त्यांचं. मुंबईच्या बाजूला मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, तिथे वीतभर पाण्याचं काय एवढं?

फरक पडतो तो उघाडीला. बांधाच्या आतलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर पडतं, भरतीला झडप आपोआप मिटते. समजा भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस आहेत, भरती आणि ओहोटीत फरक दीड मीटरचाच आहे, आणि शेतातलं पाणी समुद्राच्या मध्यपातळीला आहे. मग एका ओहोटीत उघाडी साधारण सहा तास वाहते. समुद्र २० सेंटिमीटर चढला की ते सहाचे पाच होतात. दिवसाला दोन ओहोट्या, म्हणजे रोज दोन तासांचा निचरा गेला. आपल्याकडे पडणारा पाऊस वेगळा सांगायला नको. भात कुजतं ते या दोन तासांमुळे, आणि शेतकरी म्हणतो यंदा पाऊस फार झाला.

म्हणून आराखड्याचं पहिलं पान खाडीचं ठेवा. तुमच्या हद्दीत बांध किती लांब, उघाड्या किती, कुठल्या झडपा लाकडी, कुठल्या लोखंडी, कुठली गळते, किल्ली कुणाकडे, हे एका वहीत उतरवा. ओहोटीच्या वेळी चालत जाऊन उतरवा, ऑफिसात बसून नाही. त्याचबरोबर एक गोष्ट तलाठ्यांकडून लेखी घ्या, तुमची खारबंदिस्ती शासकीय योजनेत आहे की खाजगी. १९७९ च्या खारजमीन विकास कायद्याखाली शासकीय योजनांची देखभाल खारभूमी विभाग करतो. खाजगी योजनेचा बांध फुटला की तुम्ही या टेबलावरून त्या टेबलावर. पूर्वी पेण-अलिबागकडे जोळ पद्धत होती. खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की शेतकरी आपापल्या जमिनीच्या हिशोबाने माणसं देत आणि पुढच्या उधाणाच्या आत बांध घालून मोकळे होत. तरुण मुंबईला गेले, भातात परवडेना, जोळ संपली. ती परत येईल अशा आशेवर आराखडा लिहू नका. पण बांधाच्या देखभालीला ग्रामनिधीतून दरवर्षी ठरलेली रक्कम आणि एक नावानिशी जबाबदार माणूस, एवढं लिहिता येतं.

खांडीच्या बाबतीत वेळेचा हिशोब फार कडक आहे. बांध फुटून दोन-तीन पावसाळे तसाच राहिला की आत खारं पाणी खेळतं आणि कांदळवन उगवतं. एकदा ते उगवलं की मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालामुळे त्याला हात लावता येत नाही, आणि लावूही नये. पण ज्याची जमीन होती त्याच्या सातबाऱ्यावर पीक राहत नाही, बांध दुरुस्तीला वेगळी परवानगी लागते, आणि वर्षं जातात. कांदळवन गावाला हवंच, ते लाटांचा जोर मोडतं. ते बांधाच्या बाहेरच्या अंगाला वाढवा. आतल्या अंगाला उगवू द्यायचं नसेल तर पहिल्याच हिवाळ्यात खांड बुजवा.

मासेमारीसाठी झडप उघडी ठेवणाऱ्यांशी भांडून उपयोग नाही, हे गोव्याने दाखवलंय. तिथल्या खाजण, म्हणजे खाडीकाठच्या बांधातल्या, शेतीत मानशीवर (तिथली उघाडी) मासे धरायच्या हक्काचा लिलाव होतो, आणि त्या पैशातून बांधांचा खर्च निघावा अशी जुनी व्यवस्था आहे. ठेकेदार जास्त मासळीसाठी मानस जास्त वेळ उघडी ठेवतो तेव्हा तीच व्यवस्था शेतीच्या मुळावर येते. तुम्ही मासे धरायचे दिवस ठरवून द्या, उधाणाचे सहा दिवस सोडून. जो मासे धरतो त्याच्याकडेच झडपेची जबाबदारी द्या. हे मी दोन ठिकाणी करून पाहिलंय. एका ठिकाणी जमलं.

दुसरं पान विहिरींचं. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी असतं. म्हणजे वरची पातळी वीतभर उतरली की खालून खारं पाणी कित्येक मीटर वर सरकतं. समुद्र चढणं आणि बोअरवेलने उपसा वाढणं, दोन्हींचा परिणाम इथे एकाच दिशेने होतो. रिसॉर्टवाल्यांची बोअरवेल कुठे आणि किती खोल, हे पंचायतीला माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी वहीत नसतं. हजार रुपयांच्या आत टीडीएस मीटर मिळतो. आशाताईंना किंवा शाळेतल्या मुलांना द्या आणि मे महिन्याच्या मध्याला, अमावस्येच्या आसपास, दरवर्षी त्याच पंधरा-वीस विहिरी मोजा. पिण्याच्या पाण्यासाठी इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पाच वर्षांची अशी वही हातात असली की नळपाणी योजनेचा स्रोत बदलून मागताना कुणी तुम्हाला परत पाठवत नाही. आणि हा खर्च बसतो कुठे? पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात ग्रामपंचायतीच्या निधीचा ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा, होता, त्यातला निम्मा पाण्यासाठी. खाऱ्या होत चाललेल्या विहिरींचं काम त्या शीर्षाखाली सरळ बसत होतं, पण आमच्या बाजूच्या कित्येक पंचायतींनी त्यातून बाकडी आणि पेव्हर ब्लॉकच शोधले. पुढच्या आयोगाच्या निधीतही आधी पाण्याचं शीर्ष बघा.

आता बंधारा. ठराव मागे घ्या असं मी म्हणणार नाही. कोळीवाड्यातल्या बाईला रात्रीची झोप नसते, तिला उघाडीचं प्रवचन देऊन चालत नाही. पण बंधारा काय करतो ते लोकांना कळलं पाहिजे. लाट उभ्या दगडावर आपटते, परत फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. काही वर्षांत बंधाऱ्यापुढची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, संपते, मग होड्या ओढायच्या कुठे आणि मासळी सुकवायची कुठे? बंधारा जिथे संपतो तिथून पुढे धूप वाढते, म्हणजे तुमचा त्रास शेजारच्या वाडीला. मग ती वाडी बंधारा मागते. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचा बंधारा किती वर्षं पावसाळ्याच्या बातम्यांत आहे, ते तुम्ही वाचताच. एकीकडे कर्ली नदी आणि दुसरीकडे समुद्र असलेल्या मालवणजवळच्या देवबागची रचना तुमच्यासारखीच आहे. तिथे एकदा जाऊन या. दोन सदस्य आणि चार कोळी बांधव बरोबर न्या. माझ्या दहा पानांपेक्षा ती एक फेरी जास्त समजावेल.

बंधारा मागायच्या आधी दोन मे महिने किनारा मोजा. आपली पुळण पावसाळ्यात जाते आणि ऑक्टोबरनंतर परत भरते, म्हणून ऑगस्टचा फोटो दाखवून धूप सिद्ध होत नाही. मे ते मे मोजा. देवळाचा कोपरा, जुना आंबा, विजेचा खांब असे चार पक्के खुणेचे बिंदू घ्या आणि तिथून भरतीच्या रेषेपर्यंत टेपने अंतर. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ च्या नकाशांवरून देशाच्या किनाऱ्याचा साधारण एक तृतीयांश भाग झिजतोय असं दाखवलं. बाकीचा स्थिर आहे किंवा भरतोय. तुमचा किनारा कशात मोडतो हे कळल्याशिवाय पत्तन, म्हणजे बंदरांच्या, विभागाकडे गेलात तर अर्ज फाइलमध्ये पडून राहील. मोजमाप घेऊन गेलात तर निदान पुण्याच्या खडकवासल्याच्या जल आणि विद्युत संशोधन केंद्राकडून अभ्यास करून घ्या असं म्हणता येईल. तोवर पुळणीवरून वाळू उचलणं बंद करा. यात पंचायत सदस्याच्या भावाचा टेम्पो असला तरी.

आणि सुरूची झाडं लावायचा मोह आवरा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनच्या पट्ट्यात सुरू मुळासकट आडवे पडलेले आपण सगळ्यांनी बघितले. वाळू धरते ती मर्यादवेल. नावातच काम सांगितलेली वनस्पती दुसरी मला माहीत नाही. तिच्या मागे केवडा, त्याच्या मागे उंडी. पण त्या वेलीवरून पर्यटकांच्या जीप फिरणार असतील तर लावूच नका.

पाणी खरंच किती चढतंय, हे गावाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं यासाठी एक सोपी गोष्ट करा. नारळी पौर्णिमेला सगळा गाव जेट्टीवर असतोच. त्या दिवशीच्या भरतीची रेष जेट्टीच्या भिंतीवर ऑइलपेंटने मारा, शेजारी साल लिहा. भरतीची वेळ काढायला तिथीच्या आकड्याची पाऊणपट करणारी म्हातारी माणसं गावात असतील, त्यांच्या हातूनच मारा. मात्र या रेषेवरून घाईने निष्कर्ष काढू नका. त्या दिवशी वारा कसा होता, चंद्र पृथ्वीच्या जवळ होता की लांब, यावर पाणी वरखाली होतं, आणि चंद्राच्या भ्रमणाचं साडेअठरा वर्षांचं एक चक्र आहे, त्यानेही भरत्या चढत-उतरत राहतात. म्हणून भरतीच्या छापील तक्त्यात त्या वेळेला किती पाणी सांगितलं होतं तो आकडा रेषेशेजारी लिहा. तक्त्यापेक्षा पाणी किती वर गेलं, हे दहा वर्षं बघितलं की काहीतरी बोलता येतं.

पंचनाम्याबद्दल दोन ओळी. राज्य शासनाने स्थानिक आपत्तींच्या यादीत ‘समुद्राचे उधाण’ घेतलेलं आहे. पंचनाम्यात ‘भरतीचे पाणी शिरले’ असं लिहिलंत तर मदतीची फाइल अडकते. ‘उधाण’ लिहा, तारीख, तिथी आणि वेळ लिहा. हळूहळू होणारी धूप मात्र त्या शब्दात बसत नाही. तिचे फोटो दरवर्षी काढून ठेवण्याला पर्याय नाही.

घरांच्या कागदांवर मी जरा जास्त बोलतो, कारण इथे पंचायतीच्या हातात खरी ताकद आहे आणि तिथेच ती वापरली जात नाही. कोळीवाड्यातली निम्मी घरं कुणाच्या नावावर असतात? जागा सरकारी, घर आजोबांनी बांधलेलं, घरपट्टी काकाच्या नावाने, काका वारून वीस वर्षं झाली. उद्या समुद्राने ती ओळ नेली तर पुनर्वसनाच्या यादीत कुणाचं नाव येणार? केरळ सरकारने पुनर्गेहम योजनेत किनाऱ्यापासून ५० मीटरच्या आतल्या १८,६८५ कुटुंबांची यादी केली आणि घर सोडून मागे सरकणाऱ्याला जागा आणि बांधकाम मिळून १० लाख रुपये ठरवले. त्या पैशात समुद्राजवळ जागा मिळत नाही, अशी तिथल्या कोळ्यांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण यादी तरी झाली. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात सातभायाची गावं समुद्राने एकेक करून खाल्ली, आणि २०१८ मध्ये ५७१ कुटुंबांना आत बागपाटियाला हलवलं. घरं मिळाली, पण शेती आणि मासेमारी मागे राहिली, आणि पुरुष केरळला मजुरीला गेले.

तुमच्या गावात कुणी हलायचं म्हणत नाही, आणि तुम्हीही ते आज म्हणू नका. फक्त भरतीच्या रेषेपासून पहिल्या दोन ओळींतली घरं घ्या आणि नमुना आठ, म्हणजे पंचायतीची घरपट्टीची नोंदवही, अद्ययावत करा. वारस नोंदी करा, घरातल्या बाईचं नाव जोडा. होड्या लावायच्या आणि मासळी सुकवायच्या जागा नकाशावर सामाईक म्हणून दाखवा, कारण किनारा क्षेत्र व्यवस्थापनाच्या आराखड्यात त्या दाखवायची तरतूद आहे आणि न दाखवलेली जागा उद्या मोकळी जागा ठरते. याला रंगाचा डबाही लागत नाही, ग्रामसेवकाचे चार महिने लागतात. आणि भाऊबंदकीचे चार तंटे सोसायची तयारी लागते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

मोठ्या पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाने देशासाठी धूप रोखायला १,५०० कोटी आणि धुपेने विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी वेगळे सांगितले होते. नद्या आणि समुद्र दोन्ही मिळून. असा पैसा ग्रामपंचायतीपर्यंत थेट येत नाही, जिल्हाधिकारी आणि राज्यामार्फत प्रस्ताव जातो. त्या प्रस्तावाला जोडायला तुमच्याकडे उघाड्यांची वही, विहिरींची वही, मे ते मेची मोजणी आणि नमुना आठ असेल तर तुमचं पान वरती राहतं. मुंबईचा हवामान कृती आराखडा २०२२ मध्ये आला, तो डाउनलोड करून त्यातले परिच्छेद आपल्याकडे चिकटवू नका. एका खाडीकाठच्या गावाच्या आराखड्यात मी इलेक्ट्रिक बसचा मार्ग वाचला आहे. त्या गावात एसटी दिवसाला दोनदा येते.

आता अकरा घरकुलं. जागा खाडीकडची, मोकळी, सपाट, सरकारी, म्हणून सोपी वाटते. ती मोकळी का राहिली हे गावातल्या सत्तरीच्या माणसाला विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं, तिथे पाणी येत होतं. किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते नियंत्रणाखाली येतं. तुमची जागा त्याच्या बाहेर असेलही, कागद मिळेलही. पण घरकुल पन्नास वर्षं उभं राहायचं आहे, आणि ती रेष आजच्या भरतीवरून आखलेली आहे. सर्व्हे ऑफ इंडियाने आखलेली धोक्याची रेषा वेगळी आहे. ती आता परवानगीला आड येत नाही, फक्त आपत्ती व्यवस्थापनासाठी वापरायची असं अधिसूचनेत आहे. तरी ती तुमच्या गट नंबरवरून कुठून जाते ते तहसीलमधून बघून घ्या.

माझं मत विचारलंत तर तिथे एकही घरकुल नको. वरच्या वाडीकडे जागा महाग आहे, चढ आहे, पाणी चढवायला पंप लागेल, आणि लाभार्थी कोळी असतील तर होडीपासून लांब पडतील. अकराही जण कुरकुर करतील. त्यातल्या होडीवाल्यांना जाळी आणि इंजिन ठेवायला किनाऱ्यालगत सामाईक शेड द्या, कुलूप लागेल अशी. मग वरच्या जागेचा प्रस्ताव घेऊन त्यांच्याशी बोला. येत्या अमावस्येला भरतीच्या वेळी त्यांना त्या खाडीकडच्या जागेवर घेऊन जा. गमबूट घालून जा.